पिठी शिकायला पालीला

रत्नागिरीला लोक समुद्र बघायला जातात, हापूस खायला जातात. मी निघाले होते कुळथाची पिठी शिकायला. पहाटे स्वारगेटला एसटीत बसले तेव्हा पिशवीत दोन साड्या होत्या आणि एक मोठा रिकामा डबा. खिडकीची जागा मिळाली होती. एरवी मला त्याचं कोण कौतुक वाटलं असतं, पण त्या दिवशी अंगात इतका शीण साठला होता की खिडकीला डोकं टेकवलं आणि सातारा कधी गेला ते कळलंसुद्धा नाही.

प्रवासाला कारण झाल्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आई म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्या गावी, पालीजवळच्या आमच्या वाडीत, खळ्यात (घरापुढच्या सारवलेल्या अंगणात) पाय घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि गावच्या घराच्या उंच पायऱ्या आता झेपायच्या नाहीत म्हणून त्या आमच्याकडेच राहिल्या. हाड छान जुळलं. वॉकर घेऊन त्या घरभर फिरायला लागल्या. पण त्यांचं जेवण सुटलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. शेवटी ते म्हणाले, "वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. त्याआधी त्यांच्या आवडीचं काय ते करून घाला."

आवडीचं विचारलं तर आई म्हणाल्या, "पिठीभात कर." मी केला. दुपारची औषधं वेळेवर जावीत म्हणून त्यांना सगळ्यांच्या आधी वाढायचे, टेबलाच्या मानाच्या खुर्चीवर, ताट, वाटी, वर लिंबाची फोड. त्या चार शितं चिवडायच्या, "बरी झालीय हो," म्हणायच्या आणि ताट सारून उठायच्या. मग मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच काहीतरी पोटात ढकलून दुसऱ्या कामाला लागायची. कधी लसूण वाढवून पाहिला, कधी कांदा वगळून पाहिला, पीठ बदललं, तेल बदललं. ताट तसंच परत यायचं. खोटं कशाला सांगू, मला रडू यायचं ते त्यांच्या काळजीनं कमी आणि रागानं जास्त.

माझ्या मोठ्या जाऊबाई, शैलावहिनी, गावीच असतात. इतकी वर्षं आईंना त्यांनीच सांभाळलं. त्यांना फोन करून करून विचारलं, तर त्यांचं ठरलेलं उत्तर, "अगो, तू करतेस तशीच मी करते. वेगळं काय नाय." मला वाटलं, काहीतरी हातचं राखून ठेवतायत. जावांच्या बाबतीत असा संशय यायला फार कारण लागत नाही. म्हणून शेवटी लेकीवर घर सोपवलं आणि स्वतःच निघाले.

कऱ्हाडच्या पुढे जाग आली. शेजारी रत्नागिरीच्या एक बाई होत्या, लेकीचं बाळंतपण उरकून परत निघालेल्या. त्यांचेही डोळे खोल गेले होते.

"कुठं उतरणार?" त्यांनी विचारलं.

"पालीला. जाऊबाईंकडे."

"जमीनबिमीन वाटून घ्यायचीय का?"

"नाही हो. पिठी शिकायचीय."

त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. थट्टा करते की काय, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी पिशवीतून डिंकाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "बाळंतिणीचा आहे, पण तुम्हाला चालेल. तुमचा चेहराच सांगतोय." लाडू खरंच चांगला होता. डिंक तळताना तूप बेताचं तापवायचं आणि डिंक थोडा थोडा सोडायचा, नाहीतर तो वरून फुलतो आणि आतून कच्चा राहून दाताला चिकटतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मलकापूर येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्यावर डुलक्या घेत होतो.

आंबा घाट उतरताना कानांना दडे बसले आणि हवा बदलली. वरची कोरडी थंडी गेली, अंगाला दमटपणा चिकटला. साखरप्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. तांबड्या धुळीनं झाडं, दुकानं, कुत्री सगळी एका रंगाची झालेली. गाडी बराच वेळ एका जेसीबीच्या मागे ताटकळली. पालीला उतरले तेव्हा बाजार ओसरला होता. रिक्षावाल्यानं मला वाडीच्या फाट्यावर सोडलं, "पुढं चढ हाय ताई, रिक्षा नाय जायची," म्हणाला आणि वळून गेला. चढाला लागले आणि कातळावर चपलेचा अंगठा तुटला. मग एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात रिकामा डबा, अशी मी सासरी पोचले.

खळ्यात कुळीथ वाळत पडला होता. भातकापणीनंतर त्याच शेतात पेरलेला, नुकताच झोडलेला. शैलावहिनी त्यात पाय फिरवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये गो रेखा. अशी अनवाणी का? पाय धू आधी." मागच्या पडवीत त्यांनी मला गूळपाणी दिलं आणि त्यावर उकड्या तांदळाची पेज, बाजूला भाजलेला सुका जवळा (बारीक कोलंबी). पेजेला मीठ शेवटी, विस्तव ओढल्यावर घालायचं, म्हणजे शीत मऊ राहतं, असं त्यांचं मत. त्यात शास्त्र किती ते मला माहीत नाही, पण शीत मऊ होतं. मी भांडी घासायला उठले तर त्यांनी हाताला धरून बसवलं. "एक दिवस पावणी म्हणून रहा." मी राहिले. दुपारी आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांना रत्नागिरीला बाजाराला जायचं होतं, मलाही घेऊन गेल्या. आमसुलं घ्यायची होती. माझा समज असा की आमसूल म्हणजे आमसूल, काळं आणि वाळलेलं. वहिनींनी दुकानदारासमोरच माझी शिकवणी घेतली. बोटांनी दाबलं की ते मऊ लागलं पाहिजे, रंगात थोडी लाली हवी. कडक, कोळशासारखं झालेलं घेऊ नये, त्याची आंबट चव जाऊन नुसता तुरटपणा उरतो. पिठी करून झाली की आमसुलं काढून फेकायची नाहीत, त्यांनी तांब्यापितळेची भांडी घासायची. कुळथाच्या पिठाच्या डब्यात दोन सुक्या मिरच्या टाकून ठेवायच्या, पोरकिडे होत नाहीत.

"हे सगळं फोनवर का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू पिठी विचारलीस. बाजार कुठं विचारलास?"

माझा संशय आणखी घट्ट झाला. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. समुद्र होता तिथेच होता. दोघींच्या मांडीवर पिशव्या. मला वाटलं होतं वहिनींना इथं काय रोज येता येत असेल, तर त्या म्हणाल्या, गेल्या गणपतीनंतर आजच समुद्र बघतेय. मग थोड्या वेळानं, पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "आई गेल्यापासून मला पण जेवण गोड लागत नाही गो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मला तो ऐकू आला. आई 'गेल्या' त्या माझ्याकडेच आल्या होत्या ना.

तिसऱ्या दिवशी पिठी झाली. मी सकाळपासून चुलीपाशी ठाण मांडून होते, डोळ्यात तेल घालून बघत होते. वहिनींनी लोखंडी कढई ठेवली. तेल, ठेचलेला लसूण, कांदा, हिरवी मिरची, हळद. वर पाणी ओतलं. पीठ गार पाण्यात सरसरीत कालवलेलं होतं, ते उकळत्या पाण्यात धार धरून सोडलं आणि दुसऱ्या हातानं कालथ्यानं (उलथण्यानं) ढवळत राहिल्या. गुठळी नाही. झाकण नाही, कारण पिठी दुधासारखी उतू जाते. पीठ शिजल्याचा वास आल्यावर आमसुलं आणि मीठ, मग ओलं खोबरं, कोथिंबीर. झालं.

मी तरी आणखी काय करत होते?

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. सांगत होते ना?"

"आणि पीठ? पीठ घरच्या जात्यावरचं असेल."

वहिनींनी फळीवरून पुडा काढून दाखवला. पालीच्या दुकानातला होता. घरचा कुळीथ अजून खळ्यातच पडलेला, मागच्या वर्षीचा केव्हाच संपलेला. मी तो पुडा हातात धरून उभी राहिले. सगळी आशा त्या पिठावर होती. एवढा घाट उतरून आले, चप्पल तुटली, तिकडे लेक एकटी घर ओढतेय, आणि इथं माझ्याच स्वयंपाकघरातली पिठी माझ्यापुढे शिजत होती. नाकातली नळी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

जेवायची वेळ झाली. थोरले भावोजी आणि कुळीथ झोडायला आलेले दोन गडी पानावर बसले. वहिनींनी मलाही त्यांच्याबरोबर बसवलं, पावणी म्हणून. पहिली वाढणी माझ्या ताटात पडली. पिठी पातळ, गरम, चवीला चांगली. अगदी माझ्यासारखीच. भावोजी मान खाली घालून जेवत होते, गडी मान खाली घालून जेवत होते. वहिनी पळी घेऊन माझ्यापुढे उभ्या. "घे गो, लाजू नको." मला घास गिळवेना. सगळं मिळतंय, आदरानं मिळतंय, आणि कुणीतरी समोर उभं राहून आपण कधी संपवतोय याची वाट बघतंय असं वाटत होतं. मी लवकर उठले.

हात धुऊन पडवीत आले तर मागच्या दारानं शेजारच्या सरूकाकी आत शिरताना दिसल्या. या आईंच्या वयाच्या, आईंच्या जन्माच्या मैत्रीण. पदराखाली एक वाटी होती. गडी बाहेर पडले, भावोजी आडवे झाले आणि स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. मी डोकावले. चुलीतला विस्तव ओढून घेतलेला. कढई खाली उतरवून फडक्यावर ठेवलेली. वहिनी आणि काकी दोन बाजूंना फतकल मारून बसलेल्या. मधल्या वेळात तळाची पिठी चांगली घट्ट झाली होती आणि कडेला तिची खरपूस खरवड धरली होती. वहिनींनी त्यातच गरम भात टाकला, काकींच्या वाटीतला सुकटीचा ठेचा टाकला, आणि काकी कालथ्यानं कडा खरवडत होत्या.

"बघतेस काय? ये, बस हितं," काकी म्हणाल्या. "ही म्हातारीची जागा. रिकामीच हाय."

बसले. घास घेतला. ही पिठी मी कधी खाल्लीच नव्हती. लसणाचा, खोबऱ्याचा, लोखंडाचा, सगळा वास त्या तळाशी जाऊन बसला होता. जराशी कडवट, जराशी धुरकट. माझं पोट भरलेलं होतं तरी मी खात राहिले.

"आई हे खायच्या?"

"रोज," वहिनी म्हणाल्या. "आई कधी ताटात जेवल्याच नाहीत. कालथा त्यांच्या हातात. कडा कुणी खरवडायची यावरून दोघींची भांडणं."

"पन् जिंकायची तीच," काकी म्हणाल्या. "तू काय वाडतेस तिला?"

मी सांगितलं. सगळ्यांच्या आधी, टेबलावर, ताट-वाटी, लिंबाची फोड. सांगताना मला अभिमानच वाटत होता. काकींनी कालथा खाली ठेवला.

"पयली वाडतेस? एकटीला?"

"औषधं असतात काकी. आणि मान म्हणून."

"अगो, ती काय पावणी हाय? पयल्या वाडपाला पानीच येतं. आन् एकटीनं जेवायला ती काय देव हाय निवद दाखवायला?"

मला राग आला. जन्मभर बायकांनी उरलंसुरलं खायचं, आणि त्याचंच पुन्हा कौतुक करायचं? लग्न झालं तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या घरात बाई शेवटी जेवणार नाही, निदान म्हातारी बाई तर नाहीच. तसं बोलूनही दाखवलं.

"उरलेलं नाय गो," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पुरुषांना पळी वरवरच फिरवायची, तळ हलवायचा नाही. हे मला आईंनीच शिकवलं, लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. आमचं ठेवलेलं असतं हे."

काकी फसकन हसल्या. "चाळीस वर्सं झाली, एका पुरुषाला कळलेलं नाय."

त्यानंतर त्या दोघी तासभर बोलत बसल्या. कुणाची सून मुंबईला गेली, कुणाच्या काजूला मोहर धरला नाही, भावोजी कसे घोरतात. हात वाळून गेले तरी कुणी उठेना. सकाळपासून राबलेली बाई इथं पाय पसरून बसत होती आणि तिला कुणी हाक मारत नव्हतं. शेवटची मी अशी कधी बसले होते ते मला आठवेना. काकी मध्येच म्हणाल्या, "म्हातारीला घेऊन गेलात, आन् आमचा डाव मोडलात."

निघताना वहिनींनी माझा डबा कुळथाच्या पिठानं भरला, वर दोन मिरच्या खोचल्या. मग ती कढई गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. "तुमच्याकडच्या त्या गुळगुळीत भांड्यांना काय खरवड धरत नाही," त्या म्हणाल्या. "ने. मी दुसरी घेईन. पण धुतलीस की लगेच पूस आणि तेलाचं बोट फिरव, नायतर गंजेल." गाडी येईपर्यंत त्या पालीच्या थांब्यावर माझ्याबरोबर उभ्या होत्या. माझ्या पायात त्यांची चप्पल होती.

कढई मांडीवर घेऊनच घाट चढले. कंडक्टर म्हणाला, "ताई, वाटेत जेवण करणार काय?" गाडीतले चारजण हसले. मलाही हसू आलं असतं, पण मांडी अवघडली होती आणि धास्ती वाटत होती. एखादी माया नुसती भांड्यात बांधून नेता येते का? आईंना हवी होती ती काकी, ती चूल, ते मागचं दार. मी त्यातलं एक भांडं उचलून चालले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिठी केली. नेहमीसारखीच. ह्यांना आणि लेकीला आधी वाढलं, पळी वरवर फिरवून. आई सवयीनं येऊन त्यांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे ताट नव्हतं.

"आईला वाढ ना आधी," हे म्हणाले.

"आई थांबतील जरा. औषधं जेवणानंतरची आहेत, तासाभरानं काही बिघडत नाही."

ह्यांनी आईंकडे पाहिलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी वॉकर ओढून घेतला.

दोघं जेवून उठल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आईंना खाली बसता येत नाही, म्हणून बाल्कनीतलं बुटकं टेबल आणलं होतं. त्यावर फडकं, फडक्यावर कढई. एका बाजूला त्यांची खुर्ची, दुसऱ्या बाजूला माझं स्टूल. कढईत गरम भात टाकला आणि कालथा त्यांच्या हातात दिला.

आई कितीतरी वेळ कढईकडे बघत राहिल्या. कानाजवळ एक पोचा होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "शैलानं दिली?" मी मान हलवली. मग त्यांनी कडा खरवडायला सुरुवात केली. कालथा बरोबर बसत होता. खरवडीचा पहिला घास त्यांनी भातात कालवून तोंडात टाकला. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला त्या थांबल्या आणि माझे हात मांडीवर तसेच बघून म्हणाल्या, "तू काय बघत बसलीस? जेव की. दमलेली दिसतेस."

मी जेवायला लागले. त्यांनी काकींची चौकशी केली. काकी काय म्हणाल्या ते मी सगळं सांगितलं, देवाच्या निवदासकट. आई तोंडावर पदर धरून हसल्या. बोलता बोलता त्यांची बाजू स्वच्छ झाली आणि कालथा माझ्या बाजूला सरकला. मी माझी कड सोडली नाही. त्यांनी माझ्या हातावर हलकी चापट मारली आणि ती कड खरवडून नेली.

बाहेरून ह्यांनी हाक मारली, "चहा मिळेल का?" आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.

शेवटी आईंनी कालथा कढईत आडवा ठेवला. "लसूण कमी पडलाय," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदाच नाव ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले ते त्यांनी पाहिलं नसावं, कारण त्या कढईच्या तळाकडेच बघत होत्या.

"आणि उद्या त्यांना वाढताना हात आवर," त्या म्हणाल्या. "खाली जरा जास्त राहू दे."